अनाथोथचे शेत: परिस्थिती अशक्य दिसते तेव्हा देवाच्या अभिवचनांवर भरवसा कसा ठेवावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आजार बरा होत नाही, मूल होत नाही, नोकरी गेली, मुलगा घर सोडून गेला, जमिनीचा दावा वर्षानुवर्षे कोर्टात पडून आहे. अशा वेळी लोक पवित्र शास्त्र उघडतात आणि विचारतात: देवाने वचन दिले आहे, मग घडत का नाही? खालच्या उत्तरांत आम्ही पुन्हा पुन्हा यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३२ व्या अध्यायाकडे येतो, कारण अशक्य परिस्थितीत अभिवचनाचे करायचे काय, हे तिथे रुपया-पैशाच्या तपशिलासह लिहिलेले आहे. तो अध्याय शेजारी उघडून ठेवलात तर वाचन सोपे जाईल.

पवित्र शास्त्रातले प्रत्येक वाक्य अभिवचन असते का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो. शास्त्रात हकीकती आहेत, आज्ञा आहेत, प्रार्थना आहेत, विलाप आहेत, शहाणपणाच्या म्हणी आहेत आणि अभिवचनेही आहेत. नीतिसूत्रे २२:६ सांगते की मुलाला योग्य वळण लावले तर म्हातारपणीही तो ते सोडणार नाही. ही आयुष्याचा अनुभव सांगणारी म्हण आहे. तिला हमी मानल्यामुळे भरकटलेल्या मुलांचे आईबाप स्वतःलाच दोष देत झुरतात. स्तोत्र २०:४ मध्ये ‘तो तुझे मनोरथ पुरवो’ अशा अर्थाची ओळ आहे. ते लढाईला निघालेल्या राजासाठी लोकांनी केलेले मागणे आहे, तरी कार्डांवर ते सर्रास वचन म्हणून छापले जाते.

एखादे वचन हाती आले की चार गोष्टी पाहा. ते कोणाला सांगितले? कोणत्या प्रसंगी? त्याला अट आहे का? मुदत दिली आहे का? यासाठी निदान त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचावा लागतो, अर्ध्या तासाचे काम आहे. मग पाचवी गोष्ट: ख्रिस्तामध्ये ते आपल्यापर्यंत कसे पोहोचते? देवाची सगळी अभिवचने ख्रिस्तात ‘होय’ आहेत, असे प्रेषित पौल २ करिंथ १:२० मध्ये लिहितो. मधली ‘ख्रिस्तात’ ही पायरी गाळून सरळ स्वतःवर उडी मारली की वचनाचा अर्थ निसटतो.

मग प्रत्येक विश्वासणाऱ्याला निश्चित लागू असलेली अभिवचने कोणती?

ही पाठ करून ठेवा: देव टाकणार नाही व सोडणार नाही (इब्री १३:५). येशूकडे येणाऱ्याला तो घालवून देणार नाही (योहान ६:३७). पाप कबूल केले तर क्षमा आहे (१ योहान १:९). मागणाऱ्याला बुद्धी मिळेल (याकोब १:५). देवाच्या प्रीतीपासून मरणही वेगळे करू शकणार नाही (रोम ८:३८–३९). शेवटी तो डोळ्यांचे सगळे अश्रू पुसून टाकील (प्रकटीकरण २१:४).

या यादीत लग्नाची तारीख नाही, व्हिसा नाही, प्रत्येक आजारातून याच आयुष्यात सुटका नाही. त्या गोष्टी मागायला पूर्ण मोकळीक आहे, आणि देव त्या देतोही. पण मागणे वेगळे आणि ‘देवाने कबूल केले होते’ असे म्हणणे वेगळे.

नववर्षाच्या उपासनेत मला यिर्मया २९:११ चे कार्ड मिळाले. ते माझ्यासाठी आहे का?

ज्या देवाने ते म्हटले, तो तुमचाही देव आहे, म्हणून होय. पण ‘यंदा सगळे सुरळीत होईल’ हा त्याचा अर्थ नाही. तो मजकूर यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला, तिथे बंदिवान करून नेलेल्या यहूदी लोकांना, पाठवलेल्या पत्रातला आहे, आणि त्याच्या लगेच वरच्या ओवीत परत येईपर्यंतची मुदत दिली आहे: ७० वर्षे. पत्र पहिल्यांदा वाचले गेले तेव्हा ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांची हाडे बाबेलातच राहणार होती.

पत्रातली कामाची सूचना पाचव्या ओवीपासून आहे: घरे बांधा, बागा लावा व त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे अभिवचन ऐकून बिछाना गुंडाळून दारात बसायचे नव्हते, फळझाड लावायचे होते. कार्ड फेकू नका. त्याच्या मागे ‘ओवी ५ ते १०’ असे लिहा आणि दोन्ही मिळून वाचा.

यिर्मयाने शत्रूच्या ताब्यातले शेत का विकत घेतले?

आधी परिस्थिती समजून घेऊ. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५८८–५८७ चा सुमार. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, तटाला मोर्चे भिडलेले, आत दुष्काळ आणि मरी. यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता, आणि त्याचा गुन्हा एवढाच की नगर पडणार असे त्याने सांगितले होते. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधले माझे शेत घे, ते सोडवण्याचा हक्क तुझा आहे. हा हक्क नियमशास्त्रातला होता (लेवीय २५:२५): भाऊबंद अडचणीत येऊन जमीन विकू लागला तर जवळच्या नातलगाने ती घ्यावी, म्हणजे ती घराण्याबाहेर जात नाही.

अनाथोथ यरुशलेमेच्या ईशान्येला चार-पाच किलोमीटरवर. वेढा घालणारे सैन्य त्याच मुलखात पसरलेले. शिवाय याच गावच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाला ठार मारायचा बेत केला होता (यिर्मया ११:२१). जमीन पाहायला जाता येत नाही, कसता येत नाही, उद्या विकायची म्हटली तर गिऱ्हाईक नाही, आणि गावकरी जिवावर उठलेले. व्यवहार म्हणून पाहिले तर पैसे पाण्यात.

तरी त्याने १७ शेकेल चांदी तोलून दिली. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा, आपल्या तोळ्याच्या जवळपास, म्हणजे सोळा-सतरा तोळे चांदी झाली. मग रीतसर खरेदीखत लिहिले, त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद केली, दुसरी उघडी ठेवली. दोन्ही प्रती सगळ्यांदेखत नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हवाली केल्या आणि त्या मातीच्या भांड्यात घालायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. (मातीचे भांडे किती टिकवते याचा अंदाज हवा तर मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ साली सापडलेल्या गुंडाळ्या आठवाव्यात. काही जवळजवळ दोन हजार वर्षे अशाच भांड्यांत होत्या.)

कारण पंधराव्या ओवीत आहे: या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे परमेश्वराने सांगितले होते. ते खरे असेल तर खरेदीखताला किंमत आहे. अभिवचन खरे धरले तर आज कोणते पाऊल शहाणपणाचे ठरते, एवढेच यिर्मयाने पाहिले आणि ते पाऊल बारकाव्यासह टाकले. कागदपत्रे नीट करणे हा त्याच्या विश्वासाचाच भाग होता.

देवच बोलतो आहे हे त्याला कसे कळले?

आठवी ओवी सावकाश वाचा. हनामेल येणार हे त्याला आधी सांगितले होते. तो खरोखर आला, तेच बोलला, ‘तेव्हा’ यिर्मयाने ओळखले की हे परमेश्वराचे वचन आहे. इतका मोठा संदेष्टा, तरी मनात आलेल्या शब्दाची पडताळणी होईपर्यंत त्याने चांदी तोलली नाही.

मला शंका येतात. शंका म्हणजे अविश्वासच ना?

यिर्मयालाही आली, आणि तीही खरेदी झाल्यावर. सह्या झाल्या, भांडे बंद झाले, आणि मग तो प्रार्थनेत म्हणतो: वेढ्याचे मोर्चे नगराला भिडले आहेत, तू पाहतोसच, तरी तू मला शेत घे म्हणतोस! म्हातारपणी मुलगा होईल हे ऐकून अब्राहाम पालथा पडून हसला (उत्पत्ती १७:१७), सारा तंबूच्या दारामागे हसली, आणि बाळाचे नाव इसहाक ठेवले गेले, ज्याचा अर्थच ‘तो हसतो’. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक (मार्क ९:२४). त्याच्या मुलाला येशूने बरे केले.

रोम ४:१९ नुसार अब्राहामाने आपले निर्जीव झालेले शरीर आणि साराच्या गर्भाशयाची स्थिती लक्षात घेतली. त्याने वैद्यकीय वास्तव नाकारले नाही. ‘रिपोर्ट वाचू नका, नकारात्मक बोलू नका’ अशी शिकवण कोणी देत असेल तर ती या अध्यायाशी जुळत नाही. शंका देवाला बोलून दाखवली तर ती प्रार्थना होते. काळजी करावी ती वेगळ्या गोष्टीची: शंका दडवून देवाशी बोलणेच बंद होते तेव्हा.

प्रार्थना नेमकी कशी करू? शब्दच सुचत नाहीत.

यिर्मया ३२:१६–२५ ची मांडणी वापरा. पाच भाग आहेत:

१. देव कोण आहे (ओवी १७): तू आकाश व पृथ्वी केली, तुला काही अवघड नाही.
२. तो कसा वागतो (१८–१९): दया, न्याय, प्रत्येकाच्या मार्गावर नजर.
३. त्याने पूर्वी काय केले (२०–२२): मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, देशाची देणगी. इथे स्वतःच्या आयुष्यातल्या दोन-तीन गोष्टी नावानिशी मांडा.
४. आमची चूक (२३).
५. आजची खरी स्थिती आणि न उलगडणारे कोडे (२४–२५).

गंमत अशी की या प्रार्थनेत मागणे नाहीच. ती कोड्यावर येऊन थांबते, आणि उत्तर सव्विसाव्या ओवीपासून देव देतो. आपण सहसा पाचव्या भागापासून सुरुवात करतो आणि तिथेच फिरत राहतो, म्हणून उठताना मन आधीपेक्षा जड होते. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. वही असेल तर एका पानावर तारीख, वचन आणि पाचवा भाग दोन ओळींत लिहा. तीन महिन्यांनी ते पान वाचताना काय बदलले हे दिसते, कधी परिस्थिती, कधी आपले मागणे.

अगदीच शब्द नसतील तर १३ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तेही शास्त्रात ठेवलेले आहे.

किती दिवस थांबायचे?

अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००, म्हणजे २५ वर्षे. इसहाकाचे लग्न चाळिसाव्या वर्षी झाले, जुळी मुले साठाव्या वर्षी, म्हणजे आणखी २०. देशाचे अभिवचन तर अब्राहामाच्या हयातीत पुरे झालेच नाही. त्याच्या मालकीची जमीन म्हणजे साराला पुरायला ४०० शेकेल देऊन घेतलेले मकपेलाचे शेत व त्यातली गुहा. म्हणून मुदत स्वतः ठरवू नका. ‘ईस्टरपर्यंत झाले नाही तर देव नाही’ असे लोक मनात धरतात आणि मग स्वतःच्याच तारखेने घायाळ होतात.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे का? आपण प्रयत्न केला तर हागारेसारखी चूक होईल अशी भीती वाटते.

ही भीती रास्त आहे. देवाने देऊ केलेल्या कनान देशात दहा वर्षे गेल्यावर सारेने दासी हागार पुढे केली, अब्राहाम ८६ वर्षांचा असताना इश्माएल झाला, आणि घर दुभंगले. सगळ्यात जास्त सोसले ते हागारेने, जिला कोणी विचारलेच नव्हते. तिथे चूक प्रयत्नात नव्हती. देवाचे काम उरकण्यासाठी दुसऱ्या माणसाला साधन म्हणून वापरले गेले, ही चूक होती. तुमच्या प्रयत्नात कोणाची फसवणूक, जबरदस्ती किंवा लाच आहे का, एवढे तपासा. असेल तर थांबा.

बाकी प्रयत्न अभिवचनाच्या आड येत नाहीत. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये वादळात सापडलेल्या तारवावर (जहाजावर) २७६ माणसे होती आणि कोणाचाही जीव जाणार नाही असे देवाने पौलाला कळवले होते. तरी खलाशी होडी सोडून पळू लागले तेव्हा पौल शताधिपतीला म्हणाला, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले. चौदा दिवस उपाशी असलेल्यांना त्याने जेवायला लावले. पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर. माणसे सगळी वाचली, तारू मात्र फुटले, आणि तेही आधीच सांगितलेले होते.

पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन याच रीतीने चालले. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या गेल्या. तिथे प्रार्थना अखंड होती, आणि विहिरी खोदणे, शेती, विणकाम, छापखाना हेही होते.

औषध घेणे, शस्त्रक्रिया करणे हा अविश्वास आहे का?

नाही. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला देवाने स्पष्ट सांगितले की आयुष्याची १५ वर्षे वाढवली आहेत. त्याच दमात संदेष्टा यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे २०:५–७). प्रार्थनेनंतर बरे वाटले तरी मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बरे झाल्याचे तपासणीत दिसेलच.

निराशेने उठवतच नाही, प्रार्थनाही होत नाही. माझा विश्वास संपला का?

संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, झोपू दिले, आणि हे दोनदा केले (१ राजे १९:५–७). झोप, जेवण आणि एका माणसाची सोबत, याच क्रमाने सुरुवात करा. दोन आठवडे असेच राहिले तर डॉक्टरांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटे राहू नका आणि आजच कोणाला तरी सांगा.

एकाने भविष्यवाणी केली की सहा महिन्यांत काम होईल, आणि दान मागितले. काय करावे?

यिर्मया २८ वाचा. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितले की दोन वर्षांत बंदिवान परत येतील. ७० च्या जागी दोन, कोणाला आवडणार नाही? यिर्मया आधी म्हणाला ‘आमेन, परमेश्वर तसे करो’, आणि मग म्हणाला की शांतीचे भविष्य सांगणाऱ्याचे वचन खरे ठरेल तेव्हाच तो देवाने पाठवलेला हे कळेल. तुम्हीही तेवढेच करा. आमेन म्हणा आणि वाट पाहा. दरम्यान नोकरी सोडू नका, दागिने मोडू नका, कर्ज काढू नका. आशीर्वादासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. संदेष्टा अलीशाने कोडातून बऱ्या झालेल्या नामानाकडून काही घेतले नव्हते, आणि त्याचा नोकर गेहजी याने मागून घेतले तर त्याला कोड लागले.

सैतानानेही येशूला ९१ व्या स्तोत्रातले अभिवचनच ऐकवले होते: उडी टाक, देवदूत झेलतील. वचन खरे होते, वापर खोटा होता.

आम्ही विश्वासाने प्रार्थना केली, तरी आमचा माणूस गेला. विश्वास कमी पडला का?

कृपा करून हे ओझे घेऊ नका. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि प्रेषित पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. मंडळी एक, देव एक. याकोबासाठी लोकांचा विश्वास कमी होता, असा एक शब्दही तिथे नाही. उलट पेत्र दारात उभा राहिला तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांनाच ते खरे वाटेना. पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. राजाच्या मूर्तीला नमन न केल्याबद्दल आगीत टाकले जाणारे शद्रख, मेशख व अबेदनगो भट्टीसमोर म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवले तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७–१८). याकोबाचे ‘का’ शास्त्र उलगडत नाही. पुनरुत्थानाचे अभिवचन मात्र त्याच्यासाठी तसेच उभे आहे, तुमच्या माणसासाठीही.

दुःखात असलेल्याला वचन कसे सांगावे?

बहुतेकदा लगेच सांगू नये. सगळे गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर बरोबर होते, तोंड उघडले आणि बिघडले. मातीच्या दिवशी रोम ८:२८ ऐकवू नका. डबा घेऊन जा, दवाखान्यात रात्र काढा, मुलांना शाळेत सोडा. ते स्वतः विचारतील तेव्हा एकच वचन, संदर्भासह, हळू वाचा.

यिर्मयाच्या त्या शेताचे शेवटी काय झाले?

देवाच्या उत्तरात आधी वाईट बातमीच होती: नगर जळणार (३२:२८–२९). साधारण वर्षभरात ते जळाले. यिर्मया पुढे मिसरात नेला गेला. त्या शेतात त्याने एकदाही नांगर धरल्याचे शास्त्रात नाही, आणि भांडे पुन्हा उघडल्याचेही नाही.

पण इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने बंदिवानांना परतीची परवानगी दिली, आणि परत आलेल्यांची गावनिहाय यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. रुक्ष यादी म्हणून लोक ती ओलांडून पुढे जातात. तेविसावी ओवी पाहा: अनाथोथचे लोक, १२८.